विश्लेषण : शाळेत गणवेशाची सक्ती हवी का? आणि हवी तर ती कुणावर?

जून उजाडला की वसमत तालुक्यातल्या शेतकरी घरात दोन खर्च एकाच वेळी दारात उभे राहतात. एक सोयाबीनच्या बियाण्याचा, खताचा आणि हळदीच्या लागवडीचा. दुसरा मुलांच्या शाळेचा. वह्यांचे कसेबसे भागते. गेल्या वर्षीची कोरी पाने शिवून एखादी वही तयार होते, थोरल्याचे दप्तर धाकट्याकडे जाते. गणवेशाचे तसे नसते. तो अंगावर असतो किंवा नसतो, आणि नसला तर साऱ्या वर्गाला दिसतो. सगळी मुले सारखी दिसावीत म्हणून आणलेल्या गणवेशामुळेच एखादे मूल वेगळे उठून दिसते. गणवेश सक्तीचा असावा का, या जुन्या वादाचे मूळ इथे आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोफत गणवेशाचा कारभार पालकांच्या बँक खात्यापासून मंत्रालयापर्यंत आणि मंत्रालयातून पुन्हा गावच्या शाळा समितीपर्यंत फिरला. त्या प्रवासातून काय हाती लागले, याचा हा आढावा.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यात ‘सक्ती’ हा शब्द आहे, पण ती सक्ती शासनावर आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिकवण्याची जबाबदारी शासनाची. विद्यार्थ्याने गणवेश घातलाच पाहिजे, असे कलम या कायद्यात नाही. उलट, प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही, असे कलम ३ म्हणते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे कलम १६ सांगते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कलम १७ नुसार मनाई आहे.

याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ सोपा आहे. शाळा गणवेशाचा नियम करू शकते, आग्रह धरू शकते, पालकांना बोलावून सांगू शकते. पण गणवेश नाही म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाला घरी पाठवणे, वर्गाबाहेर उभे करणे किंवा सर्वांसमोर लाजवणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. कायद्याखालच्या केंद्राच्या नियमांत सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे या शाळांपुरता गणवेश आधी मुलाचा हक्क आहे आणि नंतर शाळेचा नियम.

मोफत गणवेश कुणाला मिळतो?

समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना दरवर्षी दोन गणवेश दिले जातात. शाळा मात्र शासनाची किंवा जिल्हा परिषद, नगर परिषद, महापालिका यांची असावी लागते. या यादीमुळे एक विचित्र प्रसंग वर्षानुवर्षे घडत आला. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला गणवेश मिळायचा आणि दुसऱ्याच्या हातात काही नसायचे. दुसऱ्याच्या बापाकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले, तरी त्याची परिस्थिती बरी असेलच असे नाही. कोरडवाहू दोन एकरांवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगाही त्यातच येई.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ही फट बुजवली. केंद्राच्या निकषात न बसणाऱ्या उरलेल्या मुलांचाही खर्च राज्याने उचलला आणि सोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय झाला. बूट-मोज्यांसाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये धरण्यात आले.

तरीही दोन मोठे गट बाहेर राहतात. पहिला, खासगी अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांचा. या शाळांतील मुलांना सरकारी पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, पण गणवेश मिळत नाही. वसमतसारख्या तालुक्याच्या गावात आसपासच्या खेड्यांतली मुले अशा शाळांत एसटीने किंवा सायकलने येतात. दुसरा गट नववीच्या पुढच्यांचा. आठवीपर्यंत फुकट मिळालेला गणवेश नववीत अचानक विकत घ्यावा लागतो. शाळा सोडण्याचा, विशेषतः मुलींना घरी बसवण्याचा धोकाही याच वयात सर्वाधिक असतो.

पहिला प्रयोग : पैसे थेट खात्यात

२०१७-१८ या वर्षी राज्याने गणवेशाचे पैसे थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात देण्याचे ठरवले. मध्ये कुणी हात मारू नये, हा हेतू चांगला होता. विद्यार्थी आणि आई यांच्या संयुक्त नावाने खाते उघडायचे आणि दोन गणवेशांचे ४०० रुपये त्यात जमा करायचे, अशी ती पद्धत होती.

प्रत्यक्षात खाते उघडणे हेच काम झाले. आधार कार्ड, फोटो, फॉर्म, तालुक्याच्या बँकेपर्यंतच्या फेऱ्या, त्यासाठी बुडालेला रोज. अनेक ठिकाणी बँका शून्य शिलकीवर खाते उघडायला तयार नव्हत्या. खात्यात किमान रक्कम नसली तर दंड कापला जाई आणि ४०० रुपयांतून हाती काय उरेल याचा भरवसा नसे. शिवाय गणवेश आधी विकत घ्या, पावती द्या, मग पैसे मिळतील, असा उलटा क्रम अनेक पालकांना झेपला नाही. ज्याच्याकडे जूनमध्ये ४०० रुपये नाहीत, त्याच्यासाठीच तर योजना होती. पुढे ही सक्ती मागे घेऊन कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आला.

दुसरा प्रयोग : एक राज्य, एक गणवेश

तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी मे २०२३ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ ही कल्पना जाहीर केली. तोपर्यंत बहुतेक शाळांनी कापड ठरवलेले होते. त्यामुळे पहिल्या वर्षी आठवड्याचे तीन दिवस शाळेचा आणि तीन दिवस शासनाचा गणवेश, अशी तडजोड पुढे आली. खरी अंमलबजावणी २०२४-२५ मध्ये झाली.

राज्यभर एकच रंग ठरला. आकाशी रंगाचा शर्ट आणि गडद निळी पँट. लहान मुलींसाठी पिनो फ्रॉक, मोठ्या मुलींसाठी सलवार-कमीज. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. कापड राज्य पातळीवर एकत्र खरेदी करायचे, नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांतील महिलांनी शिवायचा, तर स्काउट-गाइडच्या गणवेशाचे कापड शाळांना देऊन शिलाई स्थानिक पातळीवर करून घ्यायची, असा आराखडा होता. शिलाईसह इतर खर्चासाठी प्रति गणवेश ११० रुपये ठरले.

कागदावर योजनेच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. घाऊक खरेदीत कापड स्वस्त पडते, दर्जा सारखा ठेवता येतो, बचत गटांना काम मिळते आणि गावोगावच्या खरेदीतल्या गैरव्यवहाराला आळा बसतो. चाळीस लाखांहून अधिक मुलांसाठीची ही योजना होती आणि तिचा आवाकाच तिच्या अंगावर आला.

शाळा १५ जूनला सुरू झाल्या, पण गणवेश आले नाहीत. स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनालाही राज्यातल्या असंख्य शाळांत मुले जुन्या किंवा घरच्या कपड्यांत उभी होती. जिथे गणवेश पोहोचले तिथून ढगळ, तोकडे आणि उसवलेले गणवेश आल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. एका इयत्तेतली सगळी मुले एका मापाची नसतात, हे गावातल्या कोणत्याही शिंप्याला सांगावे लागत नाही. स्काउट-गाइडचे कापड आलेल्या शाळांपुढे वेगळाच पेच होता. खिसे, पट्ट्या असलेला तो गणवेश ११० रुपयांत शिवायला कारागीर मिळत नव्हते. मुख्याध्यापक कापडाचे गठ्ठे घेऊन शिंपी शोधत फिरले.

टीका वाढत गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने निर्णय फिरवला. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून गणवेशाचा निधी आणि रंगसंगतीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला.

समितीकडे अधिकार असण्याने काय बदलते?

शाळा व्यवस्थापन समिती ही शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक केलेली रचना आहे. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. म्हणजे ज्यांची मुले तो गणवेश घालणार आणि ज्या आया तो धुणार, त्यांच्याच हाती निर्णय.

हा फरक वसमतमध्ये सहज समजतो. हा हळदीचा पट्टा आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि इथली बाजारपेठ राज्यभर ओळखली जाते. उन्हाळा तोंडावर आला की घरोघरी हळद काढणे, उकडणे, वाळवणे सुरू होते आणि शाळा तेव्हा चालूच असते. अशा घरात पांढरा शर्ट किती दिवस पांढरा राहील, हे मुंबईत बसून ठरवणाऱ्याला सुचणार नाही. समितीतल्या आईला ते न विचारता कळते. कापड जाड असावे की सुती, मुलींना सायकल चालवताना काय सोयीचे पडेल, उर्दू शाळेत ओढणी कशी असावी, या प्रश्नांची उत्तरे गावागणिक बदलतात.

वेळेचेही तसेच. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात. मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तरी काही मुले आईबापांबरोबर फडावर जातातच. जूनचा गणवेश ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला, तर अशा मुलाचे नाव यादीत असते, गणवेश शाळेच्या कपाटात असतो आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या पाचटात असते. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हे शाळेत मिरवण्याचे दिवस तोवर निघून गेलेले असतात.

समितीची पद्धत निर्दोष आहे, असे मात्र नाही. अनेक गावांत समिती कागदावरच असते, सही करण्यापुरती. कापड कुणाच्या दुकानातून घ्यायचे, यावर गावातले राजकारण चालते. दर्जा तपासायला कुणी नसते. निधी उशिरा आला तर समितीला दुकानदाराकडे उधारी करावी लागते आणि उधारीच्या मालात निवड करता येत नाही. अधिकार खाली आला आणि पैसा वरच अडकला, तर दोष फक्त वरून खाली सरकतो.

तीनशे रुपयांत गणवेश बसतो का?

समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरले जातात. म्हणजे एका गणवेशाला ३००. योजना २०१८-१९ मध्ये सुरू झाली तेव्हा हा दर ठरला. त्याआधी तो ४०० होता. त्यानंतर कापड, शिलाई, दोरा-बटणे सगळेच महागले, दर तिथेच राहिला.

११० रुपये शिलाईचे धरले तर कापडाला १९० उरतात. पहिलीतल्या मुलाच्या हाफ पँट-शर्टाला जेवढे कापड लागते, त्यापेक्षा आठवीतल्या मुलीच्या सलवार, कमीज आणि ओढणीला कितीतरी जास्त लागते. हिशेब मात्र दोघांचा एकच. समजा एका शाळेत ८० मुले आहेत. समितीच्या हाती ४८ हजार रुपये येतील. त्यात लहान मुलांच्या कापडातून वाचलेले पैसे मोठ्या मुलींच्या गणवेशाला वळवता येतात. पण शाळा जितकी लहान आणि वरच्या वर्गांतली मुले जितकी जास्त, तितके हे गणित अवघड. शेवटी कात्री लागते ती कापडाच्या दर्जाला. चार धुण्यांत विटणारा गणवेश दिवाळीनंतर घालण्यासारखा राहत नाही आणि जानेवारीत मूल पुन्हा गणवेशाविना.

गणवेशाने खरेच फरक पडतो का?

गणवेश १६ व्या शतकात लंडनमधील ख्राइस्ट्स हॉस्पिटलसारख्या धर्मादाय शाळांत गरीब मुलांना दिला जात असे. तिथला निळा लांब कोट प्रसिद्ध आहे. पुढे तोच प्रतिष्ठित शाळांची खूण झाला. शिस्त, आपलेपणा आणि समानता ही त्याच्या बाजूची नेहमीची कारणे.

अभ्यास मात्र सावध उत्तर देतात. केनियात गरीब मुलांना मोफत गणवेश देऊन केलेल्या पाहणीत शाळेतली गैरहजेरी ठळकपणे कमी झाली आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांच्यात हा फरक सर्वांत मोठा होता. पण आठ वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ती मुले किती शिकली यावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी सहा हजारांहून अधिक लहान विद्यार्थ्यांच्या माहितीचा अभ्यास केला. गणवेश असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या वागणुकीत त्यांना फारसा फरक आढळला नाही.

दोन्हींतून निघणारा अर्थ असा, की गणवेश चांगले शिक्षण देत नाही. पण गणवेश नसण्याची लाज मुलाला शाळेपासून दूर ठेवू शकते. गणवेश हाती देणे उपयोगाचे ठरले. नुसता नियम करून ते साधत नाही.

धर्म, ओळख आणि नियम

सक्तीचा प्रश्न पैशांपुरता नाही. कर्नाटकातील हिजाबबंदी तेथील उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये योग्य ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिले. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज यांना मनाई केली तेव्हा जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. गणवेशात वैयक्तिक श्रद्धेला किती जागा, याचे अंतिम उत्तर या निकालांतून मिळालेले नाही. न्यायालयात जाण्याआधी गावच्या समितीत हा विषय बोलून सुटू शकतो. गणवेशाच्या रंगाची ओढणी किंवा स्कार्फ चालेल, असा तोडगा अनेक शाळांनी कोणताही गाजावाजा न करता काढलेला आहे.

खासगी शाळांतील सक्तीचे काय?

तिथे प्रश्न उलटा आहे. गणवेश मिळत नाही ही तक्रार नसते. तो ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागतो, ही असते. बोधचिन्ह विणलेले स्वेटर, खेळाचा वेगळा, शनिवारचा वेगळा, दोन-तीन वर्षांत रंग बदललेला. ठरावीक दुकानातून खरेदीची सक्ती करू नये, असे आदेश शिक्षण विभाग वेळोवेळी काढतो. तक्रार करणाऱ्या पालकाला मात्र मूल त्याच शाळेत ठेवायचे असते, म्हणून तक्रारी लेखी येत नाहीत. इंग्लंडने २०२१ मध्ये यासाठी कायदाच केला. त्याखालच्या सूचनांनुसार शाळांनी बोधचिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवायचे, गणवेश परवडेल असे पाहायचे आणि वापरलेले गणवेश पालकांना उपलब्ध करून द्यायचे असतात. आपल्याकडे थोरल्याचा गणवेश धाकट्याला ही रीत घरोघरी आहेच. शाळेने वर्षाअखेरीस चांगले गणवेश गोळा करून नाव न पुकारता ते गरजूंना दिले, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.

मग सक्ती कशी असावी?

तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान होती. खाते उघडले नाही, ट्रक आला नाही, निधी आला नाही. चूक कुणाचीही असो, उघड्यावर मूलच पडले. त्यामुळे ‘सक्ती हवी की नको’ याआधी ‘सक्ती कुणावर’ हे ठरले पाहिजे. गणवेश बंधनकारक करायचा असेल, तर पहिले बंधन देणाऱ्यावर हवे. मापे एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दिवसांतच घेतली आणि निधी मेमध्ये समितीच्या खात्यात आला, तर शिलाईला पुरा महिना मिळतो. दर कापडाच्या बाजारभावाशी आणि मुलाच्या वयाशी जोडला, तर आठवीच्या मुलीच्या गणवेशात कापड चोरावे लागत नाही. अनुदानित शाळांतल्या आणि नववी-दहावीच्या गरजू मुलांना योजनेत आणले, तर तिचा हेतू पूर्ण होतो.

पालकांच्या हातीही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दर महिन्याला अपेक्षित असते. निधी किती आला, कापड कुठून घेतले, शिलाई कुणाला दिली, किती मुलांचा गणवेश बाकी आहे, हे चार प्रश्न तिथे कोणताही पालक विचारू शकतो. शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेश नसलेल्या मुलांची नोंद जरूर व्हावी. ती मुलाच्या नावापुढे गैरशिस्त म्हणून नव्हे, तर गणवेश देणाऱ्याच्या नावापुढे थकबाकी म्हणून व्हावी. आणि ती वसूल होईपर्यंत त्या मुलाने घरच्या कपड्यांत, वर्गाच्या आत, आपल्या बाकावर बसावे.